न्यूरेंबर्गच्या खटल्याचें दप्तर आणि त्याचे कारभारी

(१)

जुन्या कागदांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस न्यायालयाचें काम परकें वाटूं नये. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराच्या निर्णयासाठीं जीं मानुष प्रमाणें सांगितलीं, त्यांत लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन येतात, हें याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायाशीं परिचय असणाऱ्यांस ठाऊकच आहे. इतिहाससंशोधकही अस्सल पत्र, चालत आलेली वहिवाट आणि बखरकाराचें सांगणें या तिहींचें बलाबल पाहूनच निर्णय करितो. भेद इतकाच कीं, संशोधकाची चूक झाली तर पुढील एखाद्या अंकांत कोणी विद्वान् ती दुरुस्त करितो. न्यायालयांत कागदाची चूक झाली तर निरपराध्यास दंड होतो किंवा अपराधी सुटून जातो, आणि ती चूक दुरुस्त करण्यास दुसरा अंक निघत नाहीं.

मोठ्या व गुंतागुंतीच्या फौजदारी खटल्यांत एकाच वेळीं अनेक सरकारी वकील काम करीत असतात. न्यायासनापुढें उभा राहून बोलणारा वकील लोकांच्या दृष्टीस पडतो. परंतु कोणी काय बोलावें, कोणता कागद पुढें करावा, कोणता मागें ठेवावा, कोणाचें नांव आरोपपत्रांत घालावें, हें ठरविणारा जो मुख्य, त्याच्या कामाचें स्वरूप सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. त्या कामाचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं आम्हीं दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं झालेला खटला घेतला आहे. त्या खटल्याचा मुख्य आधार जप्त केलेलें दप्तर हा होता. आणि दप्तर म्हटलें कीं तो विषय आपला होतो.

(२)

प्रथम खटल्याची हकीगत थोडक्यांत देतों. ता. २ मे १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन यांस मुख्य सरकारी वकील नेमिलें. ता. ८ ऑगस्ट १९४५ रोजीं लंडन येथें अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएट रशिया या चार राष्ट्रांनीं करार करून न्यायासनाची सनद तयार केली. ऑक्टोबरांत आरोपपत्र दाखल झालें आणि ता. २० नोव्हेंबर १९४५ रोजीं सुनावणी सुरू झाली. निकाल ता. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर १९४६ या दोन दिवशीं वाचण्यांत आला. आरोपपत्रांत नांवें २४ होतीं. निकाल २२ जणांचा लागला. त्यांपैकीं १२ जणांस देहान्त शिक्षा झाली, तिघांस आजन्म कारावास, चौघांस ठराविक मुदतीची कैद, आणि तिघे निर्दोष सुटले. तिघे सुटले, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कागदांची परीक्षा खरोखर झाली याची ती एक खूण आहे.

फिर्यादीच्या बाजूस एक नव्हे तर चार मंडळें होतीं. अमेरिकेचे जॅक्सन, ब्रिटनचे हार्टली शॉक्रॉस, परंतु त्यांच्या गैरहजेरींत रोजचें काम पाहणारे डेव्हिड मॅक्सवेल फाईफ, फ्रान्सचे प्रथम द मांतों व नंतर शांपतिए द रीब, आणि रशियाचे रुडेंको. आरोपांचीं कलमें चार होतीं: कट, शांततेविरुद्ध अपराध, युद्धांतील अपराध आणि मानवतेविरुद्ध अपराध. कामाची वांटणी अशी झाली कीं, कटाचें कलम अमेरिकनांनीं, आक्रमक युद्धाचें ब्रिटिशांनीं, आणि उरलेल्या दोन कलमांपैकीं पश्चिम युरोपांतील कृत्यें फ्रेंचांनीं व पूर्वेकडील कृत्यें रशियनांनीं मांडावीं. कागदावर ही वांटणी सुबक दिसते. परंतु कट म्हणजे सर्वच कृत्यांचें मूळ. तें सिद्ध करावयाचें तर इतर तिहींच्या क्षेत्रांत पाय टाकल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्यामुळें एकच कागद दोन मंडळांस हवा असे आणि एकच हकीगत न्यायासनापुढें पुनःपुन्हा येई. ज्यांनीं चार भाऊबंदांत एका वाड्याचें दप्तर वांटलेलें पाहिलें आहे, त्यांस या अडचणीची कल्पना सहज येईल.

जॅक्सन यांच्या एकट्याच्या हाताखालीं किती माणसें होतीं तेंही पाहण्यासारखें आहे. खटला संपल्यावर त्यांनीं अध्यक्षांस जो अहवाल सादर केला त्यांत वकील, लेखनिक, दुभाषे, भाषांतरकार व कारकून मिळून ही संख्या जास्तींत जास्त ६५४ झाल्याचें नमूद आहे. त्यांपैकीं ३६५ मुलकी व २८९ लष्करी होतीं.

(३)

आतां दप्तराकडे वळूं. पराभव समोर दिसत असतांही जर्मन अंमलदारांनीं आपले सर्व कागद जाळले नाहींत. कांहीं जाळले, कांहीं लपविले आणि कांहीं तसेच राहिले. आरमाराचें दप्तर कोबर्गजवळच्या तांबाख येथील गढींत जवळजवळ जसेंच्या तसें हातीं आलें. आल्फ्रेड रोझेनबर्ग याचें दप्तर बव्हेरियाच्या पूर्व भागांतील एका गढींत खोट्या भिंतीमागें लपविलेलें सांपडलें. पोलंडचा कारभार पाहणारा हान्स फ्रांक यानें तर पकडला जातांना आपल्या रोजनिशीचे खंड आपण होऊनच स्वाधीन केले. भिंतींत, बळदांत व माळ्यावर दप्तरें सांपडण्याचे प्रकार आपणांकडे नवे नाहींत; परंतु एका राज्याचें सबंध अंतरंग इतक्या थोड्या काळांत शत्रूच्या हातीं पडल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

उपर्युक्त अहवालाप्रमाणें एक लाखाहून अधिक कागद चाळण्यांत आले. त्यांतून सुमारें १०,००० बारकाईनें तपासण्यासाठीं निवडले गेले. आणि त्यांपैकीं सुमारें ४,००० चार भाषांत उतरवून पूर्णतः किंवा अंशतः पुराव्यांत वापरण्यांत आले. म्हणजे शंभर कागद हातीं घ्यावे तेव्हां चार न्यायासनापर्यंत पोंचत.

या चाळणीची व्यवस्था रॉबर्ट स्टोरी या कर्नलाकडे होती. तिची पद्धत आपल्या मंडळींनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी अशी आहे. प्रत्येक निवडलेल्या कागदास क्रमांक मिळे आणि क्रमांकाबरोबर अक्षरांची एक खूण जोडली जाई. ती खूण कागदाच्या विषयाची असे, असें बहुतेकांस वाटतें. पण बहुतेक ठिकाणीं ती कागद कोणाच्या हातून आला याची असे. 'पी. एस.' म्हणजे पॅरिसची कचेरी व स्टोरी. 'एल' म्हणजे लंडनची कचेरी. 'आर' म्हणजे रॉथ्सचाइल्ड नांवाच्या लेफ्टनंटाच्या हाताखालीं तपासलेले कागद. 'ई. सी.' ही मात्र अर्थव्यवहारविषयक कागदांची खूण होती. शिवाय प्रत्येक कागदाचें एक टिपण तयार होई. कागदाचें नांव, तारीख, मूळ ठिकाण, अस्सल कीं नक्कल, कोणकोणाचीं नांवें आलीं आहेत, मजकुराचा सारांश काय, एवढ्या गोष्टी त्यांत एका दृष्टिक्षेपांत कळत. अस्सल कागद कपाटांत कुलुपाखालीं राही व वकील त्याच्या छायाप्रतीवर काम करीत. न्यायासनापुढें कागद दाखल झाला कीं त्यास दुसरा, पुराव्याचा, क्रमांक मिळे. अशा रीतीनें कागदाचा जन्म कोठें झाला व तो कोणत्या वाटेनें आला हें दोन क्रमांकांवरून केव्हांही सांगतां येई.

सुनावणीच्या आरंभींच स्टोरी यांनीं कूगन नांवाच्या एका मेजराचा प्रतिज्ञालेख सादर केला. कागद रणभूमीवर कसे जप्त झाले, कोठें साठविले, कोणीं राखले, कसे नोंदले व कसे भाषांतरिले, याची साद्यंत हकीगत त्यांत होती. कागदांतील एक अक्षरही वाचण्यापूर्वीं कागदांची वंशावळ सांगितली गेली. आमच्या मतें सबंध खटल्यांतील देखरेखीचें हें सर्वांत शहाणपणाचें कृत्य होय.

(४)

साक्षीदारांवर भर द्यावा कीं कागदांवर, हा प्रश्न मंडळांत वादाचा झाला. अमेरिकेच्या गुप्त वार्ता खात्याचे प्रमुख विल्यम डोनोव्हन हे जॅक्सन यांच्या मदतीस आले होते. जिवंत माणसें पिंजऱ्यांत उभीं राहून बोललीं तरच जगाच्या मनावर ठसा उमटेल, असें त्यांचें म्हणणें. जॅक्सन यांचें म्हणणें असें कीं, साक्षीदार विसरतो, घाबरतो, सूड घेतो, किंवा आपला जीव वांचविण्यासाठीं सवलत मागतो. कागद यांपैकीं कांहींच करीत नाहीं. शिवाय आरोपींच्याच सह्यांचे कागद असतां त्यांच्या शत्रूंच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण काय? मतभेद मिटला नाहीं आणि नोव्हेंबर १९४५ च्या अखेरीस डोनोव्हन मायदेशीं परत गेले.

बखर व अस्सल पत्र यांचा वाद ज्यांनीं केला आहे ते जॅक्सन यांच्या बाजूस उभे राहतील. आम्हीही राहूं. परंतु डोनोव्हन यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. दिवसेंदिवस कागद वाचले जाऊं लागले तसे ऐकणारे कंटाळले; आणि ता. ३ जानेवारी १९४६ रोजीं ओट्टो ओलेंडॉर्फ या अधिकाऱ्यानें आपल्या हाताखालील तुकडीनें सुमारें ९०,००० माणसें मारल्याचें शांतपणें सांगितलें, तेव्हां दालनास जी जाग आली ती कागदांनीं आणली नव्हती. फिर्यादीनें अखेर ३३ साक्षीदार उभे केले. कागदानें पाया घालावा व साक्षीनें त्यास आवाज द्यावा, हें प्रमाण मुख्यानेंच जुळवावयाचें असतें. तें एकेका वकिलावर सोडिलें तर प्रत्येक जण आपल्या आवडीकडे धांवतो.

(५)

कागद मिळविला व नोंदला म्हणजे काम संपलें, अशी समजूत अमेरिकन मंडळाचीही सुरुवातीस होती. त्यांनीं कागदांच्या इंग्रजी प्रतींचे संचच्या संच न्यायासनापुढें ठेविले. बचावाच्या वकिलांनीं हरकत घेतली कीं, आम्हांस जर्मन प्रती मिळत नाहींत, मग उत्तर कशाचें द्यावें? अध्यक्ष लॉरेन्स यांच्या न्यायासनानें ती मान्य केली. कागदाचा जेवढा भाग उघड दालनांत वाचला जाईल तेवढाच पुराव्यांत जमा धरावा, असा दंडक पडला. कारण वाचलेला मजकूर दुभाष्यांच्या द्वारें त्याच क्षणीं इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चारही भाषांत सर्वांच्या कानीं पडे. या दंडकानें खटला लांबला. परंतु गाळलेल्या मजकुरावर कोणास शिक्षा होण्याचा धोका टळला.

भाषांतराचें काम किती जोखमीचें असतें याचें उदाहरण खुद्द जॅक्सन यांच्याच वांट्यास आलें. मार्च १९४६ मध्यें ते हर्मन गोअरिंग याची उलटतपासणी करीत होते. १९३५ सालच्या एका गुप्त बैठकीचें इतिवृत्त त्यांनीं पुढें केलें. त्यांत 'र्‍हाईन मोकळी करण्याची तयारी' अशा अर्थाचे शब्द होते. इंग्रजी प्रतींत त्यांचें भाषांतर र्‍हाईनप्रांताच्या मुक्ततेची तयारी असें झालें होतें, आणि हा प्रांत १९३६ मध्यें सैन्यानें व्यापण्याचा बेत वर्षभर अगोदर शिजत होता याचा हा पुरावा, असें जॅक्सन यांस दाखवावयाचें होतें. गोअरिंग यानें मूळ जर्मन शब्दांकडे बोट दाखवून सांगितलें कीं, येथें प्रांताचा संबंध नाहीं. सैन्याची जमवाजमव होतांना र्‍हाईन नदींतील नौकांची वाहतूक दूर करावयाची, एवढाच अर्थ आहे. त्याचें म्हणणें बरोबर होतें. प्रश्नकर्त्याच्या हातांतील शस्त्र त्याच्यावरच उलटलें. पुढें मॅक्सवेल फाईफ यांनीं तारखा, हुकूम व सह्या यांची सांखळी धरून, युद्धकैद्यांच्या छावणींतून पळालेल्या ५० वैमानिकांच्या हत्येविषयीं त्याच आरोपीस खिंडींत गांठलें, तेव्हां फिर्यादीची बाजू सांवरली.

आम्हीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविलें. एका समासाचा विग्रह चुकला तर श्लोकाचा अर्थ कसा फिरतो हें त्यांस सांगतांना आम्ही बहुधा एखादें विनोदी उदाहरण देत असूं. न्यूरेंबर्गचें हें उदाहरण वाचल्यावर तो विषय विनोदाचा नाहीं अशी आमची खात्री झाली. ज्याच्या हाताखालीं शेंकडों माणसें आहेत त्यानें स्वतः प्रत्येक शब्द पडताळून पाहणें शक्य नाहीं, हें खरें. परंतु ज्या शब्दावर स्वतः उभें राहावयाचें आहे, तो तरी मूळ भाषेंत जाणत्याकडून तपासून घेतलाच पाहिजे.

(६)

यापुढील गोष्ट कागद निवडण्याची नसून टाकण्याची आहे. पोलंडवर स्वारी करण्यापूर्वीं, ता. २२ ऑगस्ट १९३९ रोजीं, हिटलर यानें आपल्या सेनापतींपुढें भाषण केलें होतें. त्या भाषणाचे तीन वृत्तान्त फिर्यादीजवळ आले. त्यांतील दोन सैन्याच्या सर्वोच्च कचेरीच्या जप्त दप्तरांत मिळालेले होते. तिसरा, एल-३ या क्रमांकाचा, सर्वांत भडक होता. पण तो एका अमेरिकन वृत्तपत्रकाराकडून आला होता, त्यास तो दुसऱ्या कोणीं दिला होता, आणि मूळ टिपणें घेणाऱ्यापर्यंत ही सांखळी जोडतां येत नव्हती. सिडनी आल्डरमन या सरकारी वकिलांनीं न्यायासनास ही सर्व हकीगत उघडपणें सांगितली आणि अधिक विश्वसनीय असे दोन कागद दाखल करून तिसरा मागें ठेविला. तो कागद नजरचुकीनें अगोदरच वृत्तपत्रांच्या हातीं पडला होता. तरीही पुराव्यांत तो आला नाहीं. ज्या कागदानें आपली बाजू सर्वांत जोरकस दिसेल तोच कागद वंशावळीअभावीं दूर सारणें, हा संयम किती कठीण आहे तें कोणत्याही संग्राहकानें स्वतःस विचारून पाहावें.

याच्या उलट, मूळ प्रत नसतांही कागद ग्राह्य ठरल्याचें उदाहरण आहे. ता. ५ नोव्हेंबर १९३७ च्या बैठकीचें कर्नल होसबाख यानें पांच दिवसांनीं लिहून काढलेलें टिपण ३८६-पी. एस. या क्रमांकानें दाखल झालें. न्यूरेंबर्गास होती ती नकलेची छायाप्रत. ती नक्कल १९४३ मध्यें एका जर्मन लष्करी अधिकाऱ्यानें करून ठेविली होती, आणि अस्सल अद्यापि सांपडलेलें नाहीं. तरी त्या बैठकीस हजर असलेले गोअरिंग, रेडर व नॉयराट हे तिघे आरोपी पिंजऱ्यांतच होते. त्यांनीं अर्थाविषयीं वाद घातला, पण बैठक झालीच नाहीं असें कोणी म्हटलें नाहीं. नक्कल आहे म्हणून कागद टाकावा किंवा अस्सल दिसतो म्हणून स्वीकारावा, असा सोपा नियम येथें चालत नाहीं. आजूबाजूच्या प्रमाणांशीं तो कागद कसा बसतो हें पाहावें लागतें.

देखरेखींतील ढळढळीत चूक मात्र कागदांत नव्हे, तर नांवांत झाली. तोफा व पोलाद यांच्या प्रसिद्ध कारखान्याचा धनी म्हणून गुस्ताव्ह क्रुप याचें नांव आरोपपत्रांत घातलें गेलें. हा गृहस्थ ७५ वर्षांचा, अंथरुणास खिळलेला व बोलण्यास असमर्थ होता. युद्धाच्या उत्तरार्धांत कारखाना त्याचा मुलगा आल्फ्रीड याच्या हातीं होता. चूक ध्यानांत आल्यावर पित्याच्या जागीं पुत्रास घ्यावें अशी विनंती झाली. न्यायासनानें ती नाकारली. एका आरोपीच्या जागीं दुसरा बदलून देणें हें न्यायाचें काम नव्हे, ही गोष्ट उघड आहे. मुलावर पुढें निराळा खटला झाला व १९४८ मध्यें त्यास १२ वर्षांची शिक्षा झाली. पण मुख्य खटल्यांत तें आसन रिकामें राहिलें. आपल्या बखरींतही एकाच घराण्यांतील सारख्या नांवांच्या पुरुषांचा असा घोंटाळा वारंवार आढळतो.

(७)

सर्वांत गंभीर गोष्ट अद्याप सांगावयाची आहे. स्मोलेन्स्कजवळच्या कातिन येथील जंगलांत पोलंडच्या लष्करी अधिकाऱ्यांचीं प्रेतें पुरलेलीं सांपडलीं होतीं. जर्मनांनीं १९४१ च्या सप्टेंबरांत अशा ११,००० अधिकाऱ्यांस मारलें, असा आरोप रशियन मंडळाच्या आग्रहानें आरोपपत्रांत घालण्यांत आला. जॅक्सन यांनीं तसें न करण्याविषयीं सुचविलें होतें. पण चार समान अधिकाऱ्यांत एकास दुसऱ्यावर हुकूम चालवितां येत नसे. रशियनांनीं आपल्या चौकशी समितीचा अहवाल सादर केला आणि सरकारी अहवाल म्हणून तो निर्विवाद धरावा अशी मागणी केली. न्यायासनानें जुलै १९४६ मध्यें दोन्ही बाजूंचे तीन तीन साक्षीदार ऐकले. आणि निकालपत्रांत कातिनचें नांवही घेतलें नाहीं.

खरी हकीगत पुढें बाहेर आली. एप्रिल १९९० मध्यें सोव्हिएट सरकारनें हीं कृत्यें आपल्याच गुप्त पोलिसांचीं होतीं असें मान्य केलें. आणि १९९२ मध्यें ता. ५ मार्च १९४० चा मूळ निर्णयाचा कागद प्रसिद्ध झाला. म्हणजे न्यूरेंबर्गास जो अहवाल मोठ्या इतमामानें दाखल झाला त्यावर शिक्का, सह्या, तारीख, सर्व कांहीं होतें. नव्हतें तें एक सत्य. अस्सल कागद खोटें बोलूं शकतो. हें तत्त्व पाठ करण्यास सोपें आणि पाळण्यास अवघड आहे, कारण अस्सल मोर्तब दिसली कीं आपण सर्वच जण थोडेसे निःशंक होतों.

(८)

मुख्य खटल्यानंतर जॅक्सन यांच्या जागीं टेलफर्ड टेलर आले. त्यांच्या देखरेखीखालीं त्याच शहरीं १९४६ ते १९४९ या काळांत आणखी १२ खटले चालले व १७७ आरोपींची चौकशी झाली. वैद्य, न्यायाधीश, कारखानदार, सेनापती, परराष्ट्र खात्याचे अधिकारी अशा वर्गवारीनें हे खटले लाविले होते आणि प्रत्येकाचें निराळें वकीलमंडळ होतें.

यांपैकीं एक हकीगत देण्यासारखी आहे. बर्लिन येथें कागद शोधणाऱ्या तुकडीचे प्रमुख बेंजामिन फेरेन्झ नांवाचे तरुण वकील होते. त्यांच्या एका सहायकास पूर्व आघाडीवरील संहारक तुकड्यांच्या अहवालांच्या बांधलेल्या फायली मिळाल्या. कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, किती माणसें मारलीं, याचे आंकडे त्यांत जमाखर्चाप्रमाणें लिहिलेले होते. फेरेन्झ यांनीं बेरजेच्या लहान यंत्रावर ते मांडण्यास सुरुवात केली आणि बेरीज दहा लाखांच्या वर गेली तेव्हां थांबले. ते न्यूरेंबर्गास टेलर यांजकडे गेले. टेलर यांची अडचण अशी कीं, खटले ठरून गेलेले, माणसें वांटून दिलेलीं, पैसा मोजका. अखेर इतर काम सांभाळून हा खटला तुम्हीच चालवा, असें त्यांनीं फेरेन्झ यांस सांगितलें. फेरेन्झ यांचें वय त्या वेळीं २७ होतें. आरोपींची संख्या २४ ठेविली. ती तेवढीच कां, तर पिंजऱ्यांत आसनेंच तेवढीं होतीं, असें त्यांनीं पुढें स्पष्ट सांगितलें आहे. सप्टेंबर १९४७ मध्यें खटला सुरू झाला व फिर्यादीनें आपली बाजू कागदांच्या बळावर अवघ्या दोन दिवसांत पुरी केली. एकानें आत्महत्या केली, एक आजारामुळें वगळला गेला, उरलेले २२ दोषी ठरले. १४ जणांस देहान्त शिक्षा सांगितली गेली. ती प्रत्यक्ष अमलांत आली चौघांच्या बाबतींत, १९५१ मध्यें.

येथें मुख्य अधिकाऱ्याच्या कामाचें मर्म दिसतें. योजना ठरलेली असतांही नवा कागद आला तर ती मोडण्याचें धैर्य त्याच्या अंगीं असावें लागतें. आणि सर्वच अपराध्यांवर खटला भरणें शक्य नसतें, म्हणून कोणास सोडावें लागलें याचें ओझेंही त्यासच वाहावें लागतें.

(९)

शेवटची हकीगत एकाच माणसाच्या दोन कृत्यांची आहे. परराष्ट्र खात्यावरील खटल्याचें काम रॉबर्ट केम्पनर यांजकडे होतें. मार्च १९४७ मध्यें त्यांच्या मंडळास त्या खात्याच्या फायलींत एका बैठकीचें इतिवृत्त मिळालें. ता. २० जानेवारी १९४२ रोजीं बर्लिनच्या वान्झे भागांत १५ अधिकारी जमले होते आणि युरोपांतील यहुदी लोकांच्या संहाराची व्यवस्था त्यांनीं कारभारी भाषेंत ठरविली होती. इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या होत्या, ही सोळावी. बाकीच्या २९ नाहींशा झाल्या. मुख्य खटल्याचा निकाल लागून गेल्यावर पांच महिन्यांनीं हा कागद हातीं आला. दप्तर चाळून झालें असें कधींही म्हणूं नये, हें त्यावरून शिकावें.

दुसरें कृत्य असें. केम्पनर यांनीं आपल्या लेखनासाठीं बरेच कागद अमेरिकेस आपल्या घरीं नेले. कांहीं कागद ठेवून घेण्याची त्यांस परवानगी होती. परंतु त्या ढिगांत रोझेनबर्ग याच्या रोजनिशीचा मोठा भाग गेला आणि अभ्यासकांच्या दृष्टीआड झाला. केम्पनर १९९३ मध्यें वारले. रोजनिशी शोधून काढून वॉशिंग्टन येथील संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यास २०१३ साल उजाडलें. सोळावी प्रत ज्यांच्या मंडळानें जगापुढें आणली त्यांच्याच घरीं दुसरा तितकाच मोलाचा ग्रंथ अनेक दशकें पडून राहिला. त्यांस दोष देण्यास आमची जीभ सहजासहजीं वळत नाहीं, याचें कारण पुढें सांगतों.

(१०)

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील वाड्यांत आम्हांस मोडी कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. मालकांनीं विश्वासानें तीन बंद घरीं नेऊं दिले. आम्हीं नकला केल्या, बंद परत केले, आणि नकलांवर कागदाचा मायना लिहिला. परंतु रुमाल कोणता, वर-खालीं कोणते कागद होते, वाडा कोणाचा, यांतील कांहींच लिहिलें नाहीं. आपल्यास आठवेल, असें त्या वेळीं वाटलें. पुढें वाडा पडला, मालक वारले, रुमाल कोठें गेला तें कोणासच सांगतां येत नाहीं. गेल्या वर्षीं एका तरुण अभ्यासकानें त्यांतील एका पत्राविषयीं विचारलें. एका घराण्याच्या वतनाचा वाद त्या पत्रानें उलगडला असता. आम्हीं नक्कल दाखविली. त्यानें नम्रपणें विचारिलें, "गुरुजी, हें मिळालें कोठें?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि त्यानें तें पत्र आपल्या लेखांत घेतलें नाहीं. त्यानें योग्यच केलें. एल-३ ची जी वाट आल्डरमन यांनीं लाविली तीच त्यानें आमच्या नकलेची लाविली.

न्यूरेंबर्गच्या न्यायासनाचें दप्तर आज हेग येथें आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या ताब्यांत आहे, आणि सुनावणीचा वृत्तान्त व निवडक कागद यांचे ४२ छापील खंड उपलब्ध आहेत. त्यांतील कोणताही कागद उचलावा, त्याचा क्रमांक त्याच्या मूळ वाटेकडे बोट दाखवितो. ही सोय सहाशें माणसें व एक महाराष्ट्र हाताशीं असल्यावांचून होत नाहीं असें नाहीं. संग्राहकांस आमची विनंती एवढीच आहे कीं, कागद हातीं येतांच, वाचण्यापूर्वीं, त्याच्या पाठीवर नव्हे तर निराळ्या चिठ्ठीवर, कोठून, कोणाकडून, कोणत्या रुमालांतून व कोणत्या दिवशीं मिळाला, एवढ्या चार गोष्टी लिहाव्या. आमच्याजवळील उरलेल्या नकलांवर, जेवढें स्मरतें तेवढें, आम्हीं लिहावयास घेतलें आहे. कांहीं चिठ्ठ्या कोऱ्याच राहणार आहेत; त्या तशाच कोऱ्या जोडाव्या, असें आम्हीं ठरविलें आहे.